गाईच्या पोटातला कागद

२०२३ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी आठाच्या सुमारास फोन वाजला. पलीकडून तात्या बोलत होते. तात्या म्हणजे आमच्या तालुक्यातले एक कष्टाळू शेतकरी. वय साठीच्या पुढे, चार एकर जमीन, एक विहीर आणि दावणीला दोन गाई. एरवी ते फोनवर आधी पाऊसपाण्याचे विचारतात. त्या दिवशी तसे काही न विचारता म्हणाले, "सायेब, गाय गेली. डाक्टर आल्यात. तुमी जरा येऊन जावा."

गाय मेली तर कृषी विस्तार अधिकाऱ्याचे तिथे काय काम, असे क्षणभर वाटले. पण तात्यांचा माझा वीस वर्षांचा घरोबा. गाडी काढली आणि गेलो.

वस्तीच्या मागे लिंबाखाली गाय पडली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट उघडले होते. गाईच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा, ज्याला आपण कोटीपोट म्हणतो, त्यातून काढलेला एक गोळा पाटीत ठेवला होता. चांगला घागरीएवढा. त्यात सुतळ्या होत्या, बाजारातल्या पातळ पिशव्या होत्या आणि एका बाजूने चंदेरी, दुसऱ्या बाजूने काळे असे कागदाचे लांबलांब तुकडे होते. ते तुकडे पाहिले आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण तो कागद मी ओळखला.

काकी दावणीजवळ कालवडीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सायेब, ह्यो तुमचाच कागद न्हवं?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. काहीतरी उत्तर देता आले असते.

होय, कागद माझाच होता. २०१२ साली आमच्याकडे पावसाने दगा दिला होता. विहिरी तळाला गेल्या होत्या. त्या वेळी तात्यांच्या अर्ध्या एकरात मिरचीचे प्रात्यक्षिक मीच घेतले होते. गादीवाफे, त्यावर ठिबकची नळी आणि त्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन. आपल्याकडे त्याला सगळे मल्चिंग पेपर म्हणतात; पण तो कागद नव्हे, तो पॉलिथिनचा पातळ पापुद्रा. पंचवीस मायक्रॉन जाडीचा. म्हणजे एका मिलिमीटरचे चाळीस भाग केले तर त्यातला एक भाग.

त्या कागदाचे गुण मी आजही नाकारणार नाही. उन्हाने उडून जाणारे पाणी वाफ्यातच राहिले. तण दबले. खुरपणीची मजुरी वाचली. आजूबाजूची मिरची करपत असताना तात्यांची मिरची हिरवीगार उभी होती. गावोगावचे शेतकरी बघायला आले. आमचे वरिष्ठ आले, फोटो निघाले. कागद कसा अंथरायचा, भोके किती अंतरावर पाडायची, कडा मातीत कशा गाडायच्या, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितले. एकच गोष्ट सांगितली नाही. हंगाम संपल्यावर तो काढायचा कसा आणि ठेवायचा कुठे?

पातळ कागद उन्हाने कडकडीत झाला की ओढून निघत नाही, हाताशी फाटतो. तात्यांनी निघाला तेवढा काढून बांधावर टाकला, उरला तो नांगरटीखाली गेला. पुढच्या काही वर्षांत त्यांनी तोच कागद आणखी दोनदा अंथरला. बांधावर त्याचे ढीग झाले. त्याच बांधाला कडब्याची गंज. वाऱ्याने तुकडे कडब्यात गेले आणि कडब्याबरोबर गाईच्या पोटात.

डॉक्टरांनी सांगितले, हे एका दिवसाचे काम नाही. वर्षानुवर्षे साठत गेले असेल.

त्या दिवशी घरी आलो, पण जेवण गेले नाही. एकच प्रश्न डोक्यात फिरत होता. गाय कडबा खाते, उसाचे वाढे खाते, भिंतीवरचा खळीने चिकटवलेला जाहिरातीचा कागदसुद्धा ओढून खाते, आणि ते सारे पचवते. मग हे का पचले नाही? कॉलेजात शिकलो होतो, पण शिकलेले आणि समजलेले यात फरक असतो.

जे समजले ते सोप्या भाषेत सांगतो. आपल्या शेतातल्या बहुतेक वस्तू म्हणजे माळा आहेत. एकाच जातीचे अगणित सूक्ष्म मणी एकमेकांत गुंफून लांबच लांब माळ होते. शास्त्रात तिला बहुवारिक किंवा पॉलिमर म्हणतात. ज्वारीच्या दाण्यातले पीठ म्हणजे स्टार्च, ही ग्लुकोज साखरेच्या मण्यांची माळ. कडब्यातला आणि कापसातला सेल्युलोज, हीसुद्धा ग्लुकोजच्याच मण्यांची माळ. मणी तोच, दोन मण्यांमधली गाठ मारण्याची रीत तेवढी वेगळी. आपल्या पोटात भाकरीची गाठ सोडवणारे पाचकरस आहेत, कडब्याची गाठ सोडवणारे नाहीत. म्हणून आपण भाकरी खातो, कडबा खात नाही.

मौज अशी की गाईच्या स्वतःच्या अंगातही कडब्याची गाठ सोडवणारा रस नाही. तिने कोटीपोटात अगणित सूक्ष्म जीवांचे बिऱ्हाड ठेवले आहे. ते जीव गाठी सोडवतात आणि त्यांच्या कमाईवर गाय जगते, दूध देते. मातीचेही अगदी तसेच. मातीत पडलेला पालापाचोळा, मुळ्या, शेण यांच्या गाठी सोडवणारे जीव मातीत आहेत. गाईचे कोटीपोट आणि शेताची माती ही दोन्ही एकाच जातीची पोटे आहेत.

पॉलिथिन हीसुद्धा एक माळच आहे. पण ती १९३३ साली इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत जवळजवळ अपघातानेच तयार झाली. मातीतले जीव कोट्यवधी वर्षांपासून सेल्युलोजच्या गाठी सोडवत आले आहेत. या नव्या माळेची गाठ सोडवण्याची किल्ली त्यांच्या हाती नाही. म्हणून जे गाईच्या पोटात अडकले, तेच तात्यांच्या रानात अकरा वर्षे अडकून होते. गाय मेली म्हणून दिसले. माती बोलत नाही, एवढाच फरक.

हा विचार करता करता मला लहानपणची एक गोष्ट आठवली. माझे गाव माणदेशातले. आमच्या घरामागे सणगर आळी होती. तिथे एक वृद्ध विणकर होते, सारा गाव त्यांना आज्जा म्हणायचा. त्यांचा खड्ड्यातला माग होता आणि त्यावर ते घोंगडी विणत. उन्हाळ्यात घरोघरी चिंच फोडून झाली की आम्ही पोरे चिंचोके गोळा करून आज्जांकडे नेत असू. मापटेभर चिंचोक्यांना ते गुळाचा एक खडा देत.

त्या चिंचोक्यांचे ते काय करत, हे मी कितीदा तरी बघितले आहे. चिंचोके भिजवायचे, वरची तपकिरी साल काढायची, आतला पांढरा गर दगडावर बारीक वाटायचा आणि पाण्यात शिजवून त्याची दाट खळ करायची. आळीत दोन टोकांना खुंट्या मारून लोकरीच्या सुताचा ताणा पसरलेला असे. त्यावर मोठ्या कुंच्याने ही खळ फासायची आणि उन्हात वाळवायची. खळ दिली नाही तर मागावर घासून लोकरीचे सूत पिंजते आणि तुटते. खळ दिली की सुताला पीळ धरतो, अंगाला कडकपणा येतो. नवे घोंगडे उभे केले तर उभे राहायचे, ते या चिंचोक्याच्या जोरावर.

चिंचोक्याच्या गरातली ही माळ तीन जातींच्या साखरेच्या मण्यांची असते, ग्लुकोज, झायलोज आणि गॅलॅक्टोज. आज्जांना ही नावे ठाऊक नव्हती. पण कोणत्या कामाला कोणता पदार्थ, किती दाट आणि किती दिवस टिकेल, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आजही चिंचोक्याचे पीठ सुताच्या खळीसाठी, कापडावरच्या छपाईसाठी आणि खाद्यपदार्थ दाट करण्यासाठी वापरले जाते.

आणि त्या घोंगड्याचा शेवट बघा. आधी अंथरूण-पांघरूण, मग पावसात डोक्यावरची खोळ, मग बैलाच्या पाठीवर, मग धान्याच्या कणगीवर, आणि शेवटी चिंध्या होऊन उकिरड्यात. उकिरड्यातून शेतात. लोकर हीसुद्धा माळच, प्रथिनाची. मातीने तिच्याही गाठी सोडवल्या. आज्जांनी आयुष्यभर विणलेल्या घोंगड्यांपैकी एकाचाही तुकडा आज कोणाला वेचावा लागत नाही.

कोणी म्हणेल, हे जुने कौतुक पुरे; जग पुढे गेले. पण जग पुढे जाताना प्रथम याच वाटेने गेले होते. १८७० च्या सुमारास अमेरिकेत सेल्युलॉईड निघाले. कापसातल्या सेल्युलोजवर तेजाबाची प्रक्रिया करून त्यात कापूर मिसळत. त्याच्या फण्या झाल्या, सिनेमाच्या फिती झाल्या. ते पेट फार चटकन घ्यायचे, म्हणून पुढे मागे पडले. १८९९ साली जर्मनीत दुधातल्या प्रथिनापासून कडक पदार्थ बनवण्याचे पेटंट घेतले गेले. त्या दुधाची बटणे युरोपात लोकांनी कोटांना लावली. आपल्याकडे पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर लाखेचा किडा लाख करतो. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या असत. सुताराचे पॉलिश लाखेचे, औषधाच्या गोळीवरचा लेप लाखेचा, परदेशी सफरचंदावरची चकाकीसुद्धा कधीकधी लाखेची. या लाखेच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुमला १९२४ साली संशोधन संस्था निघाली. त्याच १९२४ साली मुंबईत माटुंग्याला कापसाची प्रयोगशाळा सुरू झाली. आज ती केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. ज्या पऱ्हाटीला आपण काडी लावतो, तिच्यापासून फळ्या बनवण्याचे तंत्र तिथे बसवले गेले आहे. कापसातल्या सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण करून ते इतर वस्तूंना बळकटी देण्यासाठी वापरण्याचे कामही तिथे चालते.

म्हणजे शेतातला माल हा नुसता खाण्याचा आणि नेसण्याचा नाही. त्यापासून वस्तू होतात. मधल्या काळात तेलापासून निघालेले प्लॅस्टिक इतके स्वस्त झाले की हे सारे बाजूला पडले. आता पुन्हा जगभर त्याची विचारपूस सुरू झाली आहे. पण माझ्यापुढे जग नव्हते, तात्यांचे अर्धे एकर होते. त्यात कागदाऐवजी काय घालायचे?

पहिला प्रयोग मी घरच्या गॅसवर केला. एक मोठा चमचा मक्याचे स्टार्च, चार मोठे चमचे पाणी, एक छोटा चमचा ग्लिसरीन आणि एक छोटा चमचा व्हिनेगर. मंद आचेवर ढवळत राहिलो, काचेसारखी खळ झाली. ती ताटात पातळ पसरून दोन दिवस वाळवली. छान पारदर्शक पापुद्रा निघाला. ग्लिसरीनमुळे तो लवचीक राहतो; ते नसेल तर पापडासारखा मोडतो. मी मोठ्या ऐटीत तो सौभाग्यवतींना दाखवला. त्यांनी तो नळाखाली धरला. थोड्याच वेळात त्याचा लगदा झाला. "शेतात पाऊस येत नाही वाटतं?" एवढेच म्हणाल्या.

त्यांनी नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले होते. निसर्गाच्या या माळांना पाण्याची ओढ फार. तोच त्यांचा गुण आणि तोच दोष. मातीतल्या जीवांना त्या पचतात, कारण त्या पाणी धरतात. आणि पाणी धरतात म्हणूनच पावसात टिकत नाहीत. वस्तू हंगामभर टिकली पाहिजे आणि हंगाम संपल्यावर राहता कामा नये, अशी आपली मागणी. ती पुरी करणे सोपे नाही. म्हणून कारखान्यात स्टार्चमध्ये दुसऱ्या, पण मातीत पचणाऱ्या माळा मिसळून आच्छादनाचे पापुद्रे करतात. युरोपात अशा आच्छादनासाठी २०१८ साली एक मानक ठरले. पापुद्र्यातला निदान नव्वद टक्के कार्बन दोन वर्षांच्या आत मातीतल्या जीवांनी खाऊन वायूरूपाने बाहेर टाकला पाहिजे, अशी त्याची अट आहे. हे पापुद्रे साध्या प्लॅस्टिकपेक्षा महाग पडतात, हीच मोठी अडचण आहे.

दुसरा प्रयोग अधिक सोपा होता आणि तो कोणीही करू शकतो. एका जुन्या माठात शेतातली माती आणि चांगले कुजलेले शेणखत भरले. त्यात हातभर अंतराने नव्हे, वीतभर अंतराने पाच तुकडे पुरले. सुती धोतराचा तुकडा, गोणपाटाचा तुकडा, माझा स्टार्चचा पापुद्रा, तात्यांच्या बांधावरचा मल्चिंग पेपर, आणि एका दुकानातली हिरवी पिशवी, जिच्यावर 'पर्यावरणपूरक' असे मोठ्या अक्षरात छापले होते. प्रत्येकाच्या जागी खूण केली. माठ सावलीत ठेवला आणि माती ओलसर राखली. तीन महिन्यांनी उकरले. स्टार्चचा पापुद्रा सापडलाच नाही. धोतराचे नुसते धागे उरले होते. गोणपाट हाताला लागताच विरत होते. मल्चिंग पेपर धुतल्यावर चकाकला. आणि 'पर्यावरणपूरक' पिशवी? तिच्यावरची अक्षरेसुद्धा जशीच्या तशी होती.

तेव्हापासून मी कोणत्याही पिशवीवरचे छापील शब्द मानत नाही. काही प्लॅस्टिके अशी असतात की त्यांत औषध घालून ती उन्हात लवकर तुटतील अशी करतात. तुटणे म्हणजे कुजणे नव्हे. तुकड्याचे शंभर तुकडे झाले तर आपल्याला दिसत नाहीत, पण मातीला ते पचलेले नसतात. युरोपने असल्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर २०२१ साली बंदी घातली. दुसरी काही मक्याच्या साखरेपासून केलेली असतात, पण ती कुजायला साठ अंशाच्या आसपास तापणारी कंपोस्टची मोठी भट्टी लागते. शेतात टाकली तर लवकर जात नाहीत. तेव्हा वस्तू कशापासून केली एवढेच विचारू नये. ती कुठे आणि किती दिवसांत पचते, हे विचारावे.

आणखी एक पदार्थ तपासला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजच्या आधारावर पुसा हायड्रोजेल नावाचे दाणे तयार केले आहेत. साबुदाण्यासारखे फुगतात. स्वतःच्या वजनाच्या साडेतीनशे पटींहून अधिक पाणी धरतात आणि मुळांना लागेल तसे सोडतात. एकरी एक ते दोन किलो, कोरड्या मातीत मिसळून बियाण्याच्या किंवा रोपाच्या ओळीत देतात. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या पिओरिया गावच्या सरकारी प्रयोगशाळेने मक्याच्या स्टार्चपासून असाच पाणी पिणारा पदार्थ केला होता. मात्र हेही सांगितले पाहिजे की या पदार्थांत मूळ झाड निसर्गाचे असले तरी त्यावर रसायनाचे कलम बांधलेले असते. कलम किती टिकते तेही बघावे लागते. कोरडवाहू जमिनीत ते उपयोगी पडू शकते. पण तण दाबण्याचे काम ते करत नाही आणि तात्यांना तण दाबायचे होते.

शेवटी फिरून फिरून मी जिथे आलो ती वस्तू तात्यांच्या बांधापलीकडेच पडली होती. आमच्या भागात पाणी आल्यापासून ऊस झाला आहे आणि तुटल्यावर एकरी तीन-चार टन पाचट निघते. बहुतेक लोक त्याला काडी लावतात. पाचट म्हणजे सेल्युलोजच. वाळलेले, तयार, फुकट.

जूनच्या आधी मी तात्यांकडे गेलो. म्हणालो, "तात्या, आधी रान साफ करू. मीही येतो." ते हसले. त्यांना वाटले साहेब बोलायचे म्हणून बोलतो आहे. पण मी दोन रविवार गेलो. नांगरटीनंतर कुळव फिरवला आणि आम्ही तिघे, तात्या, काकी आणि मी, तुकडे वेचत चाललो. उन्हाने डोके तापत होते. कमरेतून वाकून अर्धे एकर वेचताना कळते की एक कागद अंथरायला किती वेळ लागतो आणि वेचायला किती. पाच पोती भरली. तरी बारीक तुकडे राहिलेच. ते आता आमच्या दोघांच्या आयुष्यात निघायचे नाहीत.

वेचता वेचता काकी एकदाच बोलल्या. "त्यावेळीच सांगितलं असतं तर?" मी म्हणालो, "काकी, त्यावेळी मला सुचलं नाही. चूक माझी झाली." बस्स. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत मी हे वाक्य प्रथमच कोणा शेतकऱ्यापुढे उच्चारले, हे मला त्या रात्री जाणवले.

मिरची लावायची वेळ आली तेव्हा खरी तकरार झाली. मी म्हणालो, सगळीकडे पाचट अंथरू. तात्या म्हणाले, "सायेब, पाचटात वाळवी धरंल. उंदरं येतील. आन् तन काय तुमी येऊन काढनार?" त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. माझ्या पहिल्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी एक गाय घालवली होती. दुसऱ्या शब्दावर सगळे रान लावायला ते तयार नव्हते. शेवटी असे ठरले की निम्म्या वाफ्यांवर पाचट आणि निम्म्यांवर कागदच. पण कागद पन्नास मायक्रॉनचा जाड, जो न फाटता गुंडाळून काढता येतो. तो काढायचा दिवस आधीच वहीत लिहून ठेवला आणि काढलेला कागद भंगारवाल्याला द्यायचा, बांधावर टाकायचा नाही, असा शब्द घेतला.

पाचट वीतभर जाड अंथरले, रोपाच्या बुंध्यापासून चार बोटे दूर. पातळ अंथरले की तण वर येते आणि बुंध्याला टेकले की बुंधा सडतो. हंगामाचा हिशोब खरा तोच सांगतो. पाचटाच्या वाफ्यात दोनदा खुरपावे लागले, कागदाच्या वाफ्यात फक्त भोकांपाशी. एका कोपऱ्यात वाळवी आलीच. मिरचीचे तोडे कागदावर आधी सुरू झाले. पण उन्हाच्या तडाख्यात पाचटाखालची माती गार राहिली, आणि हंगाम संपता संपता दोन्हीकडच्या तोड्यात फारसा फरक उरला नाही. खुरपणीची मजुरी एका बाजूला आणि कागदाची किंमत दुसऱ्या बाजूला मांडली तर तात्यांच्या वहीत दोन्ही जवळजवळ सारखे आले. ज्याच्या घरी खुरपायला माणूस नाही, त्याचा हिशोब वेगळा येईल, हे मी कबूल करतो.

हंगाम संपल्यावर कागद ठरल्या दिवशी गुंडाळून काढला. आता मी जिथे जिथे प्रात्यक्षिक घेतो, तिथे कागद अंथरला म्हणजे काम संपले असे मानत नाही. काढलेला कागद गाडीत चढला म्हणजे संपले असे मानतो. आमच्या कामातली ही एवढी सुधारणा व्हायला एक गाय जावी लागली.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात घोळत राहते. पऱ्हाटीच्या फळ्या होतील, केळीच्या खुंटाचे धागे निघतील, पाचटाचे पुठ्ठे होतील. नवसारीच्या कृषी विद्यापीठाने केळीच्या खुंटातून धागा आणि रस दोन्ही काढून दाखवले आहेत. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर ते जरूर मिळावेत. पण सगळेच गाडीत भरून कारखान्याला गेले तर माती काय खाईल? पूर्वी सुगीत बलुतेदाराचा वाटा खळ्यावरच बाजूला काढत. तसा मातीचा वाटा आधी काढावा आणि मग विकावे. निदान तिसरा हिस्सा तरी रानात राहू द्यावा, असे मी माझ्यापुरते सांगत असतो.

मिरची उपटून झाल्यावर काकींनी विचारले, "आता ह्ये पाचट कवा काढायचं?"

"काढायचं नाही काकी."

"मंग?"

मी सांगितले. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकायचे, पाणी द्यायचे आणि तसेच राहू द्यायचे. युरिया अशासाठी की पाचट पचवताना जिवाणूंना नत्र लागते. ते दिले नाही तर ते पिकाच्या ताटातले ओढून घेतात.

काकींनी बांधाकडे बघितले. बांध स्वच्छ होता. गेलेल्या गाईची कालवड तिथे दाव्याला बांधलेली होती आणि कडबा खात होती. त्या उठून गेल्या, तिच्यापुढचा कडबा उचलून झटकला, उलटासुलटा करून बघितला आणि पुन्हा तिच्यापुढे टाकला.

ही सवय त्यांना आता जन्मभराची लागली आहे. मलाही. कोणाच्याही वस्तीवर गेलो की माझी नजर आधी पिकाकडे जात नाही, बांधाकडे जाते.